गोड ज्वारीचा खोडवा

गावात एखादं जनावर अचानक मेलं तर आपण सगळ्यात आधी काय करतो? खरं म्हणजे ते काय खाऊन मेलं हे बघायला पाहिजे. पण तेवढा दम कुणाला असतो! आपण आधी माणूस शोधतो. बोट दाखवायला माणूस सापडला की आपल्याला हायसं वाटतं, मग जनावराकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ही खोड माझ्यात आहे आणि तुमच्यातही आहे, म्हणून ही गोष्ट सांगायला बसलो. गोष्ट १९९४ सालची, आटपाडी तालुक्यातल्या एका गावाची. गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची गावं हात झटकून मोकळी होतात.

त्या गावात भाऊसो आणि धोंडिराम यांचा वारंगुळा होता. ज्यांच्याकडे एकेकच बैल आहे असे दोन शेतकरी आपापले बैल एका जुवाला जुंपतात आणि आज तुझं रान, उद्या माझं, असं करून दोघांची शेती उरकतात, त्याला तिकडे वारंगुळा म्हणतात. भाऊसोचं घर गावात, मारुतीच्या देवळामागे. धोंडिरामचं घर ओढ्यापलीकडे, बौद्धवस्तीत. भाऊसोचा बैल गुलब्या आणि धोंडिरामचा हौश्या. दोन्ही खिल्लार, दोन्ही पांढरे आणि उंचीला इतके सारखे, की परगावचा माणूस जोडी कुणाची म्हणून विचारायचा. तेव्हा दोघंही एकदम "आमची" म्हणायचे.

अकरा वर्षं हे चाललं होतं. धोंडिरामला भाऊसोच्या सोप्यात चहा मिळायचा आणि त्याचा कप वेगळा ठेवलेला नसायचा. हे भाऊसोच्या आईनं, हरणाबाईनं सुरू केलेलं. म्हातारी सत्तरीच्या पुढची, लहानपणी शेळ्या राखून वाढलेली आणि जिभेला धार असलेली. ती म्हणायची, "ह्या दोघांपरीस त्यांची बैलं शहाणी. ती कवाच भांडत न्हाईत."

धोंडिरामचा मुलगा महेंद्र शेतीचं शिक्षण घेऊन फलटणच्या एका संशोधन केंद्रात लागला होता. वस्तीतला तो पहिला पदवीधर. तिथं त्याचं काम गोड ज्वारीवर चाललं होतं. ही ज्वारी दिसायला आपल्या ज्वारीसारखीच, पण तिच्या धाटात उसासारखा रस भरतो. तो रस चरकात काढायचा, आंबवायचा आणि त्याचं स्पिरिट करून गाडीच्या टाकीत पेट्रोलबरोबर घालायचं, असा तो प्रयोग होता.

महेंद्रनं एकदा बापाला फलटणला नेलं. केंद्राच्या आवारात एक जुनी जीप उभी होती. तिच्या टाकीत मिश्रण ओतलं आणि महेंद्रनं बापाला शेजारी बसवून दोन फेऱ्या मारल्या. खाली उतरल्यावर धोंडिरामनं जीपच्या गरम बोनेटवर हात ठेवला, दमून आलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"आपली जवारी गाडी वढती, व्हय रं?"

"व्हय आबा. रसावर गाडी, कणसाची भाकरी, पाल्याचा चारा. बाहेरच्या देशातनं तेल आणायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं, ते थोडं तरी कमी होईल. आणि हे पीक आपल्यासारख्या कमी पाण्याच्या गावांत येतंय."

धोंडिराम गावी आला तो दोन बोटं उंच होऊन. भेटेल त्याला तो जीपची गोष्ट सांगायचा. ऐकणारे हसायचे, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून पुढे ऐकायचेही.

पावसाळ्याच्या तोंडावर महेंद्र बियाणं घेऊन आला. संध्याकाळी देवळाच्या पारावर माणसं जमली. आटपाडीकडच्या माणसाला ऊस म्हणजे काय वाटतो ते नुसतं सांगून कळायचं नाही. फलटणकडे गेलं की दोन्ही अंगाला हिरवेगार फड दिसतात आणि आपल्या गावात परत आलं की कुसळं. ऊस असलेल्या गावात मुलगी द्यायची, ही तिथल्या आयांची जन्माची इच्छा. महेंद्रला हे ठाऊक होतं. लोकांना पटेल असं काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "ह्याला ज्वारी समजूच नका. हा आपल्या कोरड्या रानातला ऊस हाय. उसासारखा वाढवा, उसासारखा तोडा."

या वाक्याकडे जरा लक्ष असू द्या. बोलणाऱ्याच्या मनात काडीची खोट नव्हती. पण पुढे जे घडलं ते या वाक्यातून घडलं.

धोंडिरामनं आपल्या वीस गुंठ्यांत ते बी पेरलं. पेरणीला गुलब्या-हौश्याचीच जोडी होती आणि पाभरीवर भाऊसोचा हात होता. पीक डोक्याच्या वर गेलं. गावानं त्याला नाव ठेवलं, पेट्रोलचा ऊस. बाया जाता-येता एखादं धाट मोडून चोखायच्या. लालासाहेब नावाचे माजी सरपंच होते, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. तेसुद्धा एकदा बांधावर थांबून धाट चघळून गेले, आणि गोड आहे असं म्हणायला मात्र विसरले.

दिवाळीनंतर तोडणी झाली. आपली शाळू ज्वारी आपण काढतो ती मुळासकट उपटून. पण महेंद्रनं निरोप धाडला होता, की उपटू नका, मुळाची माती चरकात जाते, उसासारखा जमिनीलगत कोयत्यानं तोडा. तसा तोडला. धाटं ट्रकमध्ये भरून फलटणला गेली, कणसांचं धान्य घरात आलं आणि रानात बुडखे राहिले. मागून थोडा पाऊस पडला, बुडख्यांना फुटवे आले आणि मग आभाळ कोरडं पडलं. महिन्याभरात फुटवे गुडघ्याएवढे झाले आणि उन्हानं माना टाकायला लागले.

धोंडिराम कौतुकानं म्हणाला, "खोडवा आला गड्या! उसाला येतो तसा खोडवा आला."

गावात तेव्हा ओली वैरण कुठंच नव्हती. भाऊसोच्या परड्यात कडब्याच्या शेवटच्या पेंढ्या उरल्या होत्या आणि गुलब्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. धोंडिरामला ते बघवलं नाही. शुक्रवारी तो भाऊसोला म्हणाला, "उद्या मी हौश्याच्या खुरांना पत्र्या ठोकायला आटपाडीच्या बाजारात जातो. तू गुलब्याला खोडव्यात सोड. पोटभर खाऊ दे त्याला. फलटणकडं उसाच्या शेंड्याचं वाडं घालत्यात, तसंच की हे."

स्वतःच्या बैलाला अजून एक घास घातला नव्हता आणि दोस्ताच्या बैलाला आधी सोडायला सांगितलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे गावानं नेमकं हेच उलटं वाचलं.

शनिवारी दुपारी धोंडिराम हौश्याला घेऊन बाजारातून परतला, तेव्हा त्याच्या रानात माणसांचा घोळका होता. मधे गुलब्या पडला होता. मान ताठ, पाय ताणलेले, तोंडाला फेस. सकाळी भुकेनं वखवखून खाल्लं आणि तासाभरात कोसळला, एवढंच भाऊसो सांगत होता. तेच तेच सांगत होता.

धोंडिराम गुलब्याजवळ बसला. त्यानं त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "डॉक्टरला बोलवू," तो म्हणाला. "मी जातो परत आटपाडीला. कशानं झालं ते कळंल तरी."

"कशाला डॉक्टर?" लालासाहेब म्हणाले. "आमाला डोळं न्हाईत व्हय? तुझ्या रानात ह्याचा बैल मरतो आन नेमका त्याच दिवशी तुझा बैल बाजाराला असतो. तुझा कसा वाचला रं?"

धोंडिरामला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याचं तोंड उतरलं.

"जुनीच रीत हाय ही," लालासाहेब बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "आमची म्हातारी माणसं सांगायची. वैरणीत इख घालायचं, ढोर मारायचं आन मग कातड्याला वढून न्यायचं. धर्म बदलला म्हून हात बदलत्यात का?"

हा आळ किती जुना आणि किती खोटा! ज्यांच्या गळ्यात गावानं मेली ढोरं बांधली, त्यांनाच ढोरं मारणारे ठरवायचं. धोंडिरामच्या बापानं छप्पन सालच्या धर्मांतरानंतर मढी ओढायचा दोर माणगंगेच्या डोहात फेकून दिला होता. बारा वर्षांचा धोंडिराम तेव्हा काठावर उभा होता. त्या दिवसापासून वस्तीतल्या कुणीही त्या कामाला हात लावला नव्हता, आणि गावाच्या पोटात ते अजून डाचत होतं. लालासाहेब शेवटी म्हणालेच, "मारलंस तूच, आता वढून बी तूच टाक."

"म्या मारलं न्हाई आन मी वढणार न्हाई," धोंडिराम म्हणाला. आवाज चढवला नाही. मग त्यानं भाऊसोकडे बघितलं.

सगळं गाव भाऊसोकडे बघत होतं. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. अकरा वर्षं ज्याच्या हौश्याशेजारी आपला गुलब्या जुंपला, त्या माणसाबद्दल एक वाक्य. पण भाऊसोचा बैल समोर मरून पडला होता आणि त्याचं डोकं सुन्न झालं होतं. खरं असेल, खोटं असेल, त्याला काही सुचेना. भाऊसो जमिनीकडे बघत राहिला.

कुणाचातरी ट्रॅक्टर आणून गुलब्याला ओढ्याच्या घळीत टाकलं. दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. सोमवारपर्यंत कुत्र्या-गिधाडांनी तपासायला काही ठेवलं नव्हतं.

मग बोलणी पसरली. पिठाच्या गिरणीत पारूबाईचं दळण मागं राहू लागलं. ती धोंडिरामची बायको, कुणाच्या अध्यात न मध्यात. विहिरीवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. भाऊसो वाटेत दिसला की वाट बदलायचा. मोकळं जू भाऊसोच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभं होतं.

हरणाबाई असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण ती दोन महिन्यांपासून लोणंदला होती, लेकीच्या, अंजनाच्या बाळंतपणाला. म्हातारीला धक्का नको म्हणून भाऊसोनं तिला गुलब्याचं कळवलंच नव्हतं. आणि धोंडिरामनं महेंद्रला कळवलं नाही. पारूबाई म्हणाली, पोराला फोन तरी करा. तो म्हणाला, "त्याच्या कामात ह्यो खडा कशाला टाकायचा?"

पण खडा पडायचा तो पडलाच. गुलब्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी महेंद्र केंद्राच्या साहेबांना घेऊन गावात येणार होता. पुढच्या हंगामात आणखी दहा शेतकऱ्यांनी हे पीक घ्यावं, म्हणून बैठक ठरली होती. आदल्या दिवशी लालासाहेबांनी पारावर नवीन सूर लावला. धोंडिरामनं विष घातलं नसेल, तर ते पीकच विषारी आहे. गाडीत ओतायचं औषध ते, जनावराच्या पोटात कसं चालेल? त्या पोराला आणि त्याच्या जीपला वेशीतूनच परत लावा. माणसांनी माना डोलावल्या.

हे धोंडिरामच्या कानावर आलं तेव्हा तो दारात बसून हौश्याची पाठ खरडत होता. दिवेलागणीला तो पारूबाईला म्हणाला, "उद्या सकाळी हौश्याला पारावर नेतो. समद्यांम्होरं खोडवा घालतो. माझ्या पोराचं पीक इखारी न्हाई, हे बघू देत लोकं."

पारूबाई चुलीपुढून उठून आली. "आवं, इचार करा. बैल जगला तर लोकं काय म्हणत्याल? पीक चांगलं हाय, म्हंजी इख धोंडिरामनंच घातलं. आन मेला तर पोराचं पीक इखारी ठरंल. दोन्हीकडनं आपुनच मरतूय. कशाला असली परीक्षा?"

"जगंल त्यो. महेंद्र खोटं बोलत न्हाई."

"मग तुमचं नाव?"

"माझं नाव गेलंच हाय पारू. भाऊसो खाली बघत राह्यला, तवाच गेलं. पोराचं तरी राहू दे."

पारूबाईनं हौश्याला पाणी दाखवलं आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. वाचकांनो, गावानं या माणसापुढे दोन खड्डे खणले होते, आणि त्यातला आपला खड्डा त्यानं स्वतः निवडला होता. बापच तो.

बुधवारी सकाळी धोंडिराम हौश्याला घेऊन पारावर आला. काखेत खोडव्याची पेंढी होती, नुकतीच कापलेली. हां हां म्हणता माणसं गोळा झाली. भाऊसोही आला आणि मागं उभा राहिला.

"समदी बघा," धोंडिराम म्हणाला. "ह्यो खोडवा माझ्या रानातला. माझ्या हातानं कापलाय आन माझाच बैल खातोय. इख असंल तर दिसंल." पेंढी टाकायच्या आधी त्यानं पुन्हा एकदा भाऊसोकडे बघितलं. वाट बघितली म्हणा. भाऊसोचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण शब्द आला नाही.

हौश्यानं पेंढीत तोंड घातलं. रात्रीपासून उपाशी होता, हिरवं बघून तो हरखला. भराभरा खाऊ लागला. एक बिडी ओढून व्हावी एवढा वेळ गेला. काही झालं नाही. धोंडिरामच्या तोंडावर हसू आलं. तो लोकांकडे वळून म्हणाला, "बघा! म्हणलं न्हवतं का?"

आणि मागं हौश्या थरथरला. त्यानं मान वर केली, नाकपुड्या फुगल्या, श्वास लागला. पुढचे पाय फाकले. धोंडिराम धावला, पण बैल त्याच्या अंगावरच कलला आणि दोघं खाली बसले.

त्याच वेळी पारासमोर लोणंदहून आलेली एस.टी. थांबली होती. हरणाबाई गाठोडं घेऊन उतरली, गर्दी बघून काठी टेकत आत शिरली. धोंडिरामच्या मांडीवर हौश्याचं डोकं होतं. तिनं खाली पडलेला एक फुटवा उचलला, डोळ्यांजवळ नेला, मधला गुंडाळलेल्या कोवळ्या पानांचा पोंगा ओढून बघितला.

"काय घातलंय ह्याला?"

"ऊस, आक्का," धोंडिराम म्हणाला. "पेट्रोलचा ऊस. खोडवा हाय."

"कसला ऊस? ही जवारी हाय!" म्हातारीचा आवाज फाटला. "वल्या, सुकल्या फुटव्याला जनावर लावलं? किराळ लागलंय त्याला. आरं, गुळाचं पाणी आणा कुणीतरी, पळा!"

भाऊसो पळाला. आपल्या घरातून तांब्या घेऊन आला, त्यानंच हौश्याचं तोंड उघडलं, धोंडिरामनं पाणी ओतलं. पाणी तसंच बाहेर आलं. थोड्या वेळानं हौश्याचे पाय ताणले गेले आणि तो शांत झाला. पारूबाई वस्तीच्या वाटेवर उभी होती, ती तिथंच खाली बसली.

"आसाच गेला का गुलब्या?" हरणाबाईनं विचारलं. तिला गुलब्याचं आत्ताच, गर्दीतल्या कुजबुजीतून कळलं होतं. भाऊसोनं मान हलवली.

"आमच्या काळी शेळ्या राखणाऱ्या पोरीला बी किराळ ठावं व्हतं. जवारीचा कवळा फुटवा पाण्यावाचून सुकला की त्यात इख धरतं. वल्या फुटव्यात जनावर सोडायचंच न्हाई, कणीस निसवल्यावर न्हाईतर कापून कडक वाळवून मगच घालायचं. तुमी शाळू मुळासकट उपटता. फुटवाच येत न्हाई, म्हून तुमी इसरला. ह्यो कुणी कोयत्यानं तोडला?"

"लेकानं सांगितलं व्हतं," धोंडिराम पुटपुटला.

"लेकानं सांगितलं, आन कुणी म्हातारीला इचारलं न्हाई."

"तुमी लोणंदला व्हता," कुणीतरी म्हणालं.

"लोणंदला व्हते, मसणात न्हवते. एक कारड टाकायचं." तिनं गर्दीवरून नजर फिरवली. "ते ऱ्हाऊ द्या. ह्यो माणूस आपलाच बैल लोकांम्होरं कशापायी मारून बसलाय? काय म्हणलासा तुमी त्याला?"

गर्दीतल्या एका पोरानं विषाचा आळ सांगून टाकला. लालासाहेब टोपी सारखी करून निघायला लागले, तसं तिनं काठी आडवी धरली. "तू थांब. तुझ्या आज्ज्यानं बी ह्याच्या बापाला हेच म्हणलं व्हतं. मी नवी नवरी व्हते तवाची गोष्ट. नंतर कळलं, बैलाला सापानं डसलं व्हतं. तवा बी कुणी त्याची माफी मागितली न्हाई. किराळ एका बैलाला मारतंय. तुमच्या तोंडातलं इख बापाला डसलं, आता लेकाला डसलं, आन त्यावर गुळाचं पाणी बी चालत न्हाई."

लालासाहेबांनी माफी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत, गोष्टीतसुद्धा मागत नाहीत. ते काठीला वळसा घालून निघून गेले. पण त्या दिवशी त्यांच्या मागून कुणी गेलं नाही, एवढं खरं.

दुपारी साहेबांना घेऊन महेंद्रची जीप आली. गोड ज्वारीच्या स्पिरिटवर चालणारी तीच जीप. वेशीत कुणी अडवलं नाही. पाराजवळ येऊन त्यानं बघितलं, हौश्यावर पोतं टाकलेलं आणि शेजारी बाप बसलेला. लोकांनी त्याला तुकड्या-तुकड्यांनी सगळं सांगितलं. धोंडिराम त्याच्याकडे बघून म्हणाला, "पोरा, चुकलं माझं. तुझं नाव राखायला गेलो आन घालवून बसलो."

महेंद्र बापाशेजारी खाली बसला. "आबा, चूक माझी हाय. किराळावर आम्हाला परीक्षेत प्रश्न होता. पाच मार्कांचा. मला पाचपैकी पाच मिळाले होते." त्यानं हौश्यावरचं पोतं सारखं केलं. "आणि तुम्हाला सांगायला मी विसरलो. ज्वारी समजूच नका, म्हणून सांगून गेलो."

हरणाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गोड तेवढं सांगितलंस लेकरा. कडू सांगायचं ऱ्हायलं. पीक वाईट न्हाई तुझं. पर म्होरच्या टायमाला दोन्ही सांग."

बैठक राहिली बाजूला, हौश्याला पुरायचं होतं. मेल्या ढोराला दोर कुणी लावायचा, हा प्रश्न त्या पारावर सगळ्यांच्या डोळ्यांत होता. भाऊसो पुढे आला. त्यानं दोर बांधला, स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि कुणाला हाक न मारता ओढू लागला. मग दोघंतिघं गावातलेच त्याला जाऊन मिळाले. धोंडिरामच्या रानात त्यानं कुदळीनं खड्डा खणला, हाताला फोड येईस्तोवर खणला. धोंडिराम बांधावर बसून बघत होता. तो भाऊसोशी एक अक्षर बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

सगळा खोडवा मुळासकट उपटून वाळवला. महेंद्रनं पुढच्या हंगामासाठी माहितीचं पत्रक छापून घेतलं. त्यात रसाचं, स्पिरिटचं आणि गाडीचं सगळं होतं, पण पहिली ओळ ठळक अक्षरात होती: ही ज्वारीच आहे, ओल्या फुटव्यात जनावर सोडू नका. पत्रक घेऊन तो गावोगाव गेला तेव्हा जीपमध्ये त्याच्या शेजारी हरणाबाई बसायची. आधी तो पिकाचा गोडवा सांगायचा, मग म्हातारी उठून किराळाचं सांगायची. दहा शेतकरी हवे होते, तयार झाले तिघंच. पण त्या तिघांचं एकही जनावर गेलं नाही.

पुढच्या जेठ महिन्यात, पेरणीच्या आधी, भाऊसो एका संध्याकाळी ओढा ओलांडून धोंडिरामच्या दारात आला. खांद्यावर जू होतं. ते त्यानं ओट्याला टेकवलं. सहा महिन्यांत दोघांचं बोलणं झालं नव्हतं. दोघांचेही गोठे रिकामेच होते.

"गुलब्या किराळानं गेला गड्या," भाऊसो उभ्या उभ्याच म्हणाला. "त्यात कुणाचा हात न्हवता. पर हौश्या माझ्या गप बसण्यानं गेला. तू दोनदा माझ्याकडं बघितलंस. मला अजून तुझं डोळं दिसत्यात."

धोंडिरामनं जुवावरून हात फिरवला. मग त्यानं विचारलं, "बोलायचं असतं, तर काय बोलला असतास?"

"धोंडिराम असलं काम करायचा न्हाई. एवढंच."

"एवढंच लागत व्हतं," धोंडिराम म्हणाला आणि सरकून त्यानं ओट्यावर जागा केली. आतून पारूबाईनं चहाचे दोन कप आणून ठेवले. भाऊसो ओट्यावर बसला आणि त्यानं कप उचलला.

वाचकांनो, नवं पीक घरात आणताना त्याच्या गोडव्याबरोबर त्याचा धोकाही सांगावा आणि जाणत्या माणसाला विचारावं, हे या गोष्टीतून शिकण्यासारखं आहेच. पण त्याच्याही आधीची गोष्ट अगदी साधी आहे. ज्याला आपण ओळखतो त्याच्यावर चारचौघांत खोटा आळ येतो, तेव्हा खाली बघू नये. बोलायचं वाक्य पाच शब्दांचं असतं. ते त्याच दिवशी बोलावं. सहा महिन्यांनी बोललं तर ऐकायला माणूस असतो, पण बैल नसतो.